फोरट्रानमध्ये रँडम सीड: रोज तेच आकडे येतात तेव्हा, आणि येत नाहीत तेव्हाही

तक्रार दोन तऱ्हांनी येते. एक म्हणजे, "प्रोग्रॅम कितीदाही चालवा, तेच ते आकडे येतात." दुसरी म्हणजे, "काल आलेलं उत्तर आज येत नाही, आणि कोडला तर कुणी हातही लावलेला नाही." गंमत अशी की बऱ्याचदा या दोन्ही तक्रारी एकाच कोडबद्दलच्या असतात. मधल्या काळात कुणीतरी कंपायलर अपडेट केलेला असतो, एवढंच.

सीड म्हणजे रँडम आकड्यांची मालिका जिथून सुरू होते ती सुरुवातीची किंमत. तो कुठून येतो हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, तेव्हा हे होतं. आपण काही सांगितलं नाही की कंपायलर स्वतःच्या मनाने ठरवतो, आणि दोन कंपायलरांचं मन सारखं नसतं. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: या प्रोग्रॅममध्ये दर वेळी तेच आकडे हवेत की वेगळे? बग शोधताना, चाचण्या घेताना तेच हवेत. मोंटे कार्लोचे (रँडम आकडे वापरून तेच गणित पुन्हापुन्हा चालवण्याच्या पद्धतीचे) शंभर रन करून सरासरी काढायची असेल तर वेगळे हवेत. बहुतेक कोडला दोन्ही लागतं, फक्त वेगवेगळ्या वेळी. तशी सोय कशी करायची ते पुढे येईल.

(आज्ञा आणि नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन स्पेलिंगने टाइप करायची.)

कंपायलरवर सोडलं की काय होतं

रँडम_नंबर आणि रँडम_सीड ही सबरूटीन्स फोरट्रान ९० पासून भाषेतच आहेत. रँडम_नंबर ० ते १ मधला आकडा देतं. ० येऊ शकतो, १ येत नाही. आकडे कोणत्या पद्धतीने काढायचे यावर स्टँडर्ड (भाषेचे अधिकृत नियम) गप्प आहे. "कॉल रँडम_सीड()" असं रिकाम्या कंसाने बोलावलं तर सीड कसला बसावा, तेही स्टँडर्डने कंपायलरवरच सोडलं आहे.

याचा प्रत्यक्ष परिणाम पाहा. जीफोरट्रान हा जीसीसी या कंपायलर-संचातला फोरट्रान कंपायलर. जीसीसी ७ च्या आधीच्या जीफोरट्रानमध्ये सीड दिला नाही तर दर रनला तीच मालिका यायची, आणि रिकामं रँडम_सीड बोलावलं तरी जनरेटर (आकडे काढणारी यंत्रणा) त्याच ठरलेल्या सुरुवातीला परत जायचा. म्हणजे "रँडम व्हावं" म्हणून लोक जी ओळ घालत होते तीच ओळ आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. जीसीसी ७ पासून हे उलटलं: सीड दिला नाही, किंवा रिकामं रँडम_सीड बोलावलं, तर ऑपरेटिंग सिस्टीमकडून खरोखरचे रँडम बाइट घेऊन सुरुवात होते. इंटेलच्या कंपायलरची तऱ्हा तिसरीच. रँडम_सीड बोलावलंच नाही तर दर वेळी तीच मालिका. रिकाम्या कंसाने बोलावलं तर तारीख-वेळेवरून सीड.

म्हणजे एकच सोर्स फाइल, त्यात एकच रिकामं रँडम_सीड, आणि वागणं तीन प्रकारचं. यातलं कुठलंच स्टँडर्डच्या विरुद्ध नाही. त्यामुळे कंपायलरमध्ये बग आहे म्हणून भांडायला जाण्यात अर्थ नाही.

आधी एवढं छापून बघा

अंदाज बांधत बसण्यापेक्षा प्रोग्रॅमच्या सुरुवातीला, पहिला रँडम आकडा काढण्याआधी, हा तुकडा घाला:

इंटिजर :: एन
इंटिजर, अ‍ॅलोकेटेबल :: सीड(:)
रिअल :: यू(३)
कॉल रँडम_सीड(साइझ=एन)
अ‍ॅलोकेट(सीड(एन))
कॉल रँडम_सीड(गेट=सीड)
कॉल रँडम_नंबर(यू)
प्रिंट *, एन
प्रिंट *, सीड
प्रिंट *, यू

आता प्रोग्रॅम दोनदा चालवा आणि दोन्ही आउटपुट शेजारी ठेवा. सीड तोच आणि यू तेच, तर डिफॉल्ट सीड ठरलेला आहे. दोन्ही वेगळे, तर कंपायलर आपणहून वेगळा सीड देतोय. दोन्ही रनमध्ये सुरुवातीचं सगळं सारखं असून पुढचं उत्तर मात्र वेगळं येत असेल, तर दोष सीडमध्ये नाहीच, त्याबद्दल शेवटी. तपास झाला की हा तुकडा काढून टाका, कारण यू साठी तीन आकडे खर्च होतात आणि पुढची सगळी मालिका तीन घरं सरकते.

एन किती आला तेही बघून ठेवा. जीफोरट्रानच्या जुन्या किस पद्धतीच्या जनरेटरला १२ पूर्णांक लागायचे. जीसीसी ७ मध्ये एक्सऑरशिफ्ट१०२४* आला तेव्हा ते ३३ झाले. पुढे झोशिरो२५६ आला आणि ते ८ वर आले. इंटेलचा कंपायलर २ मागतो. म्हणूनच "इंटिजर :: सीड(१२)" असं आकड्यानिशी लिहिलेलं कोड कधीतरी मोडतंच. अ‍ॅरे लहान पडला तर जीफोरट्रान कंपाइल करतानाच किंवा रनमध्ये पुट (रँडम_सीडला सीड देणारं आर्ग्युमेंट; गेट हे तो परत वाचणारं) लहान आहे म्हणून थांबतो. हा सगळ्यात बरा शेवट, कारण चूक लगेच दिसते. अ‍ॅरे गरजेपेक्षा मोठा असेल तर तक्रार येत नाही, सुरुवातीचे घटक वापरले जातात आणि उरलेल्यांकडे कुणी बघत नाही. तुमचा बदलणारा घटक नेमका शेवटच्या घरात ठेवलेला असेल तर तो कितीही बदला, मालिका तीच राहील. आकार विचारूनच अ‍ॅलोकेट करा, यात पर्याय नाही.

नेहमी सापडणारे दोष

सीड द्यायचा एका जनरेटरला आणि आकडे घ्यायचे दुसऱ्याकडून, हा पहिला. जुन्या कोडमध्ये "कॉल एसरँड(१२३४५)" असतं आणि खाली आकडे रँडम_नंबरकडून घेतलेले असतात. एसरँड, रँड आणि आयरँड ही जीफोरट्रानने जी७७ पासून चालत आलेल्या कोडसाठी ठेवलेली जादा सोय आहे. त्यांचा जनरेटर वेगळा, साधा मॉड्युलोवाला, आणि रँडम_नंबरला त्याचा पत्ताही नसतो. रँड फंक्शनचा आणखी एक खोडसाळपणा: त्याला ० दिला तर पुढचा आकडा, १ दिला तर मालिका पहिल्यापासून, आणि बाकी काहीही दिलं तर तोच नवा सीड. लूपमध्ये "रँड(१)" लिहिलेलं असेल तर तोच आकडा पुन्हापुन्हा का येतो हे वेगळं सांगायला नको. नव्या कोडमध्ये या तिघांना जागा देऊ नका.

दुसरा दोष म्हणजे अ‍ॅरे अ‍ॅलोकेट करून, त्यात काहीच न भरता पुट करणं. मेमरीत जो कचरा असेल तो सीड होतो. कधी तो दर वेळी सारखाच असतो, कधी नसतो, आणि "कधीकधी वेगळं उत्तर येतं" ही सगळ्यात डोकेदुखीची तक्रार बरेचदा इथूनच निघते.

तिसरा, सीड लूपच्या आत किंवा दर वेळी बोलावल्या जाणाऱ्या सबरूटीनमध्ये देणं. सीड ठरलेला असेल तर प्रत्येक फेरीत तोच आकडा येतो आणि चूक पटकन लक्षात येते. सीड घड्याळाचा असेल तर मात्र ती लपते. जीफोरट्रानमध्ये सिस्टीम_क्लॉकला साधा चार बाइटचा इंटिजर दिला तर मोजणी मिलिसेकंदात होते. लूपची एक फेरी मायक्रोसेकंदात उरकत असेल तर सलग शेकडो फेऱ्यांना एकच सीड मिळतो, मग पुढच्या शेकडो फेऱ्यांना दुसरा. हिस्टोग्रॅम काढला तर तो उगाच खडबडीत दिसतो, सरासरी मात्र साधारण बरोबर येते, आणि त्यामुळे कुणाला शंका येत नाही. प्रोग्रॅममध्ये सीड एकदाच द्यायचा, मुख्य प्रोग्रॅममध्ये, सुरुवातीला. लायब्ररीच्या सबरूटीनने तर सीडला हातच लावू नये. तिला बोलावणाऱ्याची मालिका ती मोडते आणि त्याला कळतही नाही.

घड्याळाचा सीड: इथे जरा थांबा

हा नमुना सगळीकडे सापडतो: सिस्टीम_क्लॉककडून काउंट घ्यायचा आणि सीडच्या पहिल्या घरात काउंट, दुसऱ्यात काउंट अधिक ३७, तिसऱ्यात अधिक ७४, असं भरत जायचं. एकट्याच्या मशीनवर, एका वेळी एकच रन चालवत असाल तर तो चालतो. क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक मशीनवर, तो फसतो.

कारण सरळ आहे. ३७ च्या पटी कितीही मिळवल्या तरी सगळा अ‍ॅरे त्या एका काउंटवरून ठरतो. दोन जॉबना एकच काउंट मिळाला की आठही घटक सारखे, आणि दोन्ही जॉब शेवटच्या दशांशापर्यंत जुळे. जॉब शेड्युलर (क्लस्टरवर रन वाटून देणारा प्रोग्रॅम) एकदम पन्नास जॉब सोडतो तेव्हा हे घडायला काहीच वेळ लागत नाही.

काही जण डेट_अँड_टाइमच्या आठ किमतींपैकी फक्त शेवटची, म्हणजे मिलिसेकंद, घेतात. तिच्या किमती ० ते ९९९, म्हणजे सीड उणेपुरे १०००. जॉब अगदी वेगवेगळ्या वेळी सुरू झाले असं धरलं तरी ४० जॉबमध्ये निदान दोघांना एकच मिलिसेकंद मिळण्याची शक्यता ५४ टक्क्यांच्या आसपास जाते. दोन रन हुबेहूब सारखे आले तर ते फाइलनिहाय तुलना केल्याशिवाय दिसत नाही. सरासरी आणि एरर बार मात्र निमूटपणे चुकतात: तुम्ही चाळीस स्वतंत्र नमुने धरलेले असतात, हातात एकोणचाळीस किंवा अडतीसच असतात.

चार बाइटच्या काउंटची आणखी एक मर्यादा आहे. मिलिसेकंदाची मोजणी २१४७४८३६४७ ला पोचली की पुन्हा शून्यावर येते, म्हणजे साधारण २४.९ दिवसांनी. आठ बाइटचा इंटिजर दिला तर जीफोरट्रान नॅनोसेकंद देतो आणि टक्कर होण्याची शक्यता खूप कमी होते. पण ती मोठी संख्या सरळ चार बाइटच्या सीडमध्ये कोंबू नका. मावत नसेल तर इंट फंक्शनने काय द्यावं याची हमी कुणी देत नाही. आधी मॉडने (भागाकाराची बाकी घेऊन) ती आवाक्यात आणा.

प्रोसेस आयडी मिसळण्याचा सल्लाही बरेचदा मिळतो. गेटपीआयडी ही स्टँडर्डबाहेरची सोय आहे, आणि कंटेनरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमचा आयडी बरेचदा दर वेळी तोच छोटासा आकडा असतो. त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

लिनक्सवर असाल तर घड्याळाला सोडा आणि थेट डेव्ह फोल्डरमधली यूरँडम फाइल वाचा. अ‍ॅक्सेस स्ट्रीम, फॉर्म अनफॉरमॅटेड, अ‍ॅक्शन रीड, स्टेटस ओल्ड, सोबत आयओस्टॅट. उघडा, एक आठ बाइटचा इंटिजर वाचा, बंद करा. कर्नलने दिलेले बाइट असतात, एकाच क्षणी सुटलेल्या जॉबनाही वेगळे मिळतात.

लहान-लहान, शेजारशेजारचे सीड

"पहिल्या रनला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३." वहीत टिपायला हे सोपं, म्हणून लोकप्रियही. पण साध्या गुणाकारी जनरेटरचं काय होतं ते बघा. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये सुचवलेला "किमान दर्जाचा" जनरेटर सीडला १६८०७ ने गुणतो आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घेतो. सीड १ दिला तर पहिला आकडा ०.०००००७८. सीड २ ला ०.००००१५७. सीड ३ ला ०.००००२३५. सगळे शून्याला चिकटलेले आणि एका सरळ रेषेत. तुमचा प्रोग्रॅम पहिल्याच आकड्यावर "कण उजवीकडे जाणार की डावीकडे" असा निर्णय घेत असेल तर सगळ्या रनमध्ये सगळे कण एकाच बाजूला जातील.

आताच्या जीफोरट्रानमध्ये दिलेल्या सीडवर आतून थोडी घुसळण होते, त्यामुळे एवढी वाईट गत होत नाही. पण ती सोय त्या कंपायलरपुरती. स्वतः लिहिलेल्या, किंवा जुन्या पुस्तकातून उतरवलेल्या जनरेटरला तसं संरक्षण नसतं. एक्सऑरशिफ्ट घराण्यातल्या जनरेटरला तर सगळे शून्य दिले की तो जन्मभर शून्यच देत बसतो. म्हणून वापरणाऱ्याकडून एक छोटा आकडा घ्यायचा आणि तो नीट पसरवून सीडचा पूर्ण अ‍ॅरे भरायचा.

मी वापरतो ती पद्धत

इनपुट फाइलमध्ये एक आकडा असतो, त्याला मुख्य सीड म्हणू. तो ० असेल तर प्रोग्रॅमने यूरँडममधून स्वतः बनवायचा. ० सोडून काहीही असेल तर तोच वापरायचा. कुठूनही आलेला असो, लॉगच्या पहिल्या ओळीत तो छापायचा. या शेवटच्या भागाची टाळाटाळ होते आणि नेमका तोच उपयोगी पडतो: रात्री आठशेव्या रनमध्ये प्रोग्रॅम कोसळला तर सकाळी लॉगमधला आकडा इनपुटमध्ये टाकायचा आणि तोच रन पुन्हा घडवायचा. तेच हवेत की वेगळे, हा प्रश्न मग एका ओळीवर येतो.

यूरँडममधून आलेला इंटिजर ऋण असू शकतो. अ‍ॅब्स लावण्याचा मोह टाळा. आठ बाइटमधल्या सगळ्यात लहान ऋण संख्येला धन जोडीदार नसतो. आयअँड फंक्शनने, ह्यूज किमतीशी मिसळून, चिन्हाचा बिट पुसा. मग ४२९४९६७२९० ने मॉड घ्या आणि १ मिळवा. मुख्य सीड १ ते ४२९४९६७२९० मध्ये येतो. हाताने दिलेला सीडही याच मर्यादेत आहे ना ते तपासा आणि नसेल तर प्रोग्रॅम थांबवा.

तो पसरवण्यासाठी एक छोटी साखळी पुरते. एस हा आठ बाइटचा इंटिजर, सुरुवातीला मुख्य सीडएवढा. मग एन वेळा:

एस = मॉड(एस * २७९४७०२७३_आय८, ४२९४९६७२९१_आय८)
सीड(के) = इंट(मॉड(एस, इंट(ह्यूज(०), आय८)))

आय८ म्हणजे आयएसओ_फोरट्रान_एन्व्ह मॉड्यूलमधला इंट६४ हा प्रकार. तो प्रत्यय विसरलात तर ४२९४९६७२९१ साध्या इंटिजरमध्ये मावत नाही म्हणून कंपायलर अडून बसेल, आणि ते बरंच आहे. गुणाकार जास्तीत जास्त १२ वर १७ शून्यं एवढ्या घरात जातो, आठ बाइटची मर्यादा ९२ वर १७ शून्यांच्या आसपास आहे, म्हणजे ओव्हरफ्लो नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण सी मधून उतरवलेले हॅश "ओव्हरफ्लो झाला तर गुंडाळून येईल" असं गृहीत धरतात. फोरट्रानमध्ये चिन्हासहितच्या इंटिजरचा ओव्हरफ्लो स्टँडर्डच्या हमीबाहेर आहे, आणि ऑप्टिमायझेशन वाढवलं की ते गृहीत कधीही दगा देऊ शकतं.

अ‍ॅरे भरला की "कॉल रँडम_सीड(पुट=सीड)", एकदाच. पुटनंतर लगेच गेट करून तेच आकडे परत येतात का, अशी परीक्षा घेऊ नका. ते वेगळे आले तरी स्टँडर्डला चालतं. दोन्हींतून निघणारी मालिका एकच असायला हवी, एवढीच अट आहे.

एमपीआय, ओपनएमपी आणि को-अ‍ॅरे

एमपीआयमध्ये (अनेक प्रोसेस एकमेकींना संदेश पाठवत एकच काम करतात ती पद्धत) प्रत्येक रँक स्वतंत्र प्रोसेस. ठरलेल्या डिफॉल्टच्या कंपायलरवर सगळ्या रँक एकच मालिका चालवतात, आणि ६४ रँक लावूनही काम एकाच रँकचं होतं. मुख्य सीड फक्त रँक ० ने बनवावा, ब्रॉडकास्ट करावा, आणि मग प्रत्येक रँकने वरच्या साखळीतला आपापला तुकडा घ्यावा: रँक ० ने पहिले एन आकडे, रँक १ ने पुढचे एन, असं. म्हणजे रँक गुणिले एन एवढी पावलं आधी चालायची आणि मग अ‍ॅरे भरायचा. १०००० रँक आणि एन ८ धरले तरी शेवटच्या रँकला ८०००० पावलं. मोजण्याइतकाही वेळ लागत नाही. मुख्य सीडमध्ये नुसता रँक मिळवण्यापेक्षा हे बरं, कारण मुख्य सीड १०० चा रँक ५ आणि मुख्य सीड १०१ चा रँक ४ एकच होण्याचा धोका राहत नाही. (तो धोका खरा आहे. सलग सीड देऊन रन करणारे त्यात हमखास सापडतात.)

एमपीआय नसून शेड्युलरचे अ‍ॅरे जॉब असतील तर रँकच्या जागी टास्कचा क्रमांक घ्या. स्लर्ममध्ये तो स्लर्म_अ‍ॅरे_टास्क_आयडी या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये असतो आणि गेट_एन्व्हायर्नमेंट_व्हेरिएबलने वाचता येतो.

ओपनएमपीची, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालवण्याची, गोष्ट वेगळी. जीफोरट्रानमध्ये प्रत्येक थ्रेडला रँडम_नंबरची स्वतःची स्थिती मिळते, मालिका एकमेकींत घुसत नाहीत. पण कुठला कण कुठल्या थ्रेडला जाईल हे थ्रेडच्या संख्येवर आणि शेड्युलवर ठरतं. डायनॅमिक शेड्युलमध्ये तर ते दर रनला बदलतं, आणि सीड कितीही नीट दिला तरी उत्तर बदलतं. थ्रेड ८ असोत की १६, उत्तर तेच हवं असेल तर मालिका थ्रेडला न बांधता कामाला बांधावी लागते: प्रत्येक कणाची स्वतःची मालिका. रँडम_नंबर यात उपयोगाचं नाही. स्थिती आर्ग्युमेंट म्हणून घेणारा स्वतःचा जनरेटर, किंवा फिलॉक्ससारखा काउंटरवर चालणारा जनरेटर लागतो.

फोरट्रान २०१८ मध्ये रँडम_इनिट आलं. त्याला दोन तार्किक आर्ग्युमेंट: रिपीटेबल आणि इमेज_डिस्टिंक्ट. को-अ‍ॅरेमध्ये (फोरट्रानची स्वतःची समांतर सोय; प्रोग्रॅमच्या प्रत्येक चालू प्रतीला इमेज म्हणतात) इमेजनिहाय वेगळे आकडे हवे असतील तर दुसरं ट्रू ठेवायचं. पहिल्यावर मात्र नावावरून भरवसा ठेवू नका. जीफोरट्रानचं दस्तऐवज स्पष्ट सांगतं की रिपीटेबल ट्रू म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच चालण्यात पुन्हा बोलावलं तर तीच मालिका. प्रोग्रॅम नव्याने चालवला तर आकडे वेगळे. "उद्याही हेच उत्तर हवं" म्हणून रँडम_इनिट घातलं आणि उत्तर बदलत राहिलं, तर कारण हे. उद्यासाठी पुटच लागतं.

मधेच थांबवून पुन्हा सुरू करताना

चेकपॉइंटमधून (रनच्या मधेच साठवलेल्या स्थितीतून) रन पुढे नेताना बाकी सगळं नीट वाचलं जातं, आणि सुरुवातीची सीड देणारी ओळ मात्र तशीच चालते. परिणाम: दुसरा टप्पा पहिल्या टप्प्याचेच आकडे पुन्हा वापरतो. ग्राफ गुळगुळीत दिसतो, प्रोग्रॅम कुरकुरत नाही, नमुने मात्र परस्परांशी बांधलेले. चेकपॉइंट लिहिताना गेटने घेतलेला अ‍ॅरे, एन, आणि कंपायलर_व्हर्जन() ने दिलेली ओळ असं तिन्ही साठवा. परत वाचताना एन जुळला नाही तर थांबा. एन जुळून आवृत्ती वेगळी असेल तर निदान इशारा तरी छापा.

सीड बरोबर असूनही

एकेरी अचूकतेच्या रिअलमध्ये आकडे परत येतात म्हणून सीडवर संशय घेतला जातो. चार बाइटच्या रिअलच्या मँटिसाला २४ बिट, त्यामुळे जीफोरट्रान त्यात १६७७७२१६ वेगवेगळेच आकडे देऊ शकतो. साधारण ५००० आकडे काढले की एखादी जोडी सारखी येणं अगदी नैसर्गिक आहे. आठ बाइटचा रिअल घ्या, तक्रार मिटते. तसंच लॉग(यू) मध्ये कधीतरी अनंत येत असेल तर यू ० आलाय. लॉग(१ - यू) लिहा.

सीड तोच, पहिले तीन आकडे तेच, तरी ओ० आणि ओ३ या ऑप्टिमायझेशनच्या पर्यायांना उत्तर वेगळं? जनरेटर आतून पूर्णांकांवर चालतो, त्याला ऑप्टिमायझेशनने फरक पडत नाही. तुमच्या भौतिकशास्त्राच्या गणिताला पडतो. शेवटच्या बिटातल्या फरकाने एखादी तुलना उलटी लागते, त्या फांदीत एक आकडा जास्त खर्च होतो, आणि तिथून पुढे दोन्ही रनची वाट वेगळी. किती आकडे खर्च झाले याचा काउंटर ठेवून तो दर शंभर पावलांनी छापला तर वाट कुठे फुटली ते नेमकं सापडतं.

याच प्रकारातला सगळ्यात चिवट दोष म्हणजे रँडम_नंबरभोवती गुंडाळलेलं फंक्शन. "इफ (ई > ० .अँड. आरएनडी() < पी)" ही ओळ दिसायला निर्दोष आहे. पण अँडची डावी बाजू खोटी ठरल्यावर उजवी बाजू काढायची की नाही हे फोरट्रान सांगत नाही. एक कंपायलर आरएनडी बोलावेल आणि आकडा खर्च होईल. दुसरा बोलावणार नाही. एकाच कंपायलरमध्ये पर्याय बदलूनही हे बदलू शकतं. "आरएनडी() - आरएनडी()" मध्येही तोच धोका: एका विधानात तेच फंक्शन दोनदा दिसलं तर ते एकदाच बोलावून उत्तर शून्य देण्याची मुभा कंपायलर घेऊ शकतो. रँडम_नंबर फंक्शन नसून सबरूटीन आहे, ते उगाच नाही. आकडा आधी वेगळ्या ओळीत "कॉल रँडम_नंबर(यू)" ने काढा, मग इफमध्ये यू वापरा. जुन्या कोडमध्ये असं फंक्शन शेकडो ठिकाणी पसरलेलं असेल तर सगळं एकदम बदलायची गरज नाही. अँड, ऑर आणि एकाच विधानातली दोन बोलावणी एवढंच ग्रेपने (फाइलींत मजकूर शोधायच्या आज्ञेने) शोधून आधी ते सोडवा.